बंद कड्यावरचे हात

१

अंडी मेली होती, पण ससाण्याच्या मादीला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

कड्याच्या उंच कपारीत ती छाती टेकून बसली होती. बोचरा वारा पाठीवर झेलत होती. मध्येच उठायची, चोचीने अंडी हलकेच फिरवायची आणि पुन्हा पिसं फुलवून त्यांच्यावर बसायची. पिल्लं बाहेर यायचा दिवस केव्हाच येऊन गेला होता. खाली पायथ्याशी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या पक्षीमास्तरांना ते कळत होतं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनाही कळत होतं. एका आईला सोडून सगळ्यांना कळत होतं.

"तिला उठवत का नाही कुणी?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"कोण उठवणार? आणि उठवून सांगणार काय?" मास्तरांनी दुर्बिणीवरचा डोळा न काढताच म्हटलं. ते शाळेतून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून वर्गातलंच. "बसू दे. थकली की उठेल आपली आपण."

दरवर्षी ससाण्यांची जोडी कपारीत बसली की हा कडा चढाईला बंद व्हायचा. पायथ्याशी फलक लागायचा, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. चढणारे लोक बोटं घसरू नयेत म्हणून हातांना पांढरी भुकटी लावतात, तिला चॉक म्हणतात. बंदी सुरू होण्याआधी राखणदार वरून दोर सोडून उतरायचा आणि मोसमभराचे चॉकचे डाग ब्रशने घासून काढायचा. एकदा कडा स्वच्छ झाला की नंतरचा एकेक डाग चुगली करतो.

आणि आता कड्यावर डाग होते. पायथ्यापासून थेट कपारीपर्यंत, एकावर एक, पांढऱ्या हातांचे ठसे.

"थंडी मरणाची होती त्या सकाळी," मास्तर सांगू लागले. "धुकं उठलं आणि मी वर पाहिलं, तर दोघं पक्षी टाहो फोडत घिरट्या घालतायत आणि अंडी उघडी. किती वेळ उघडी होती देव जाणे. ती परत येऊन बसली तेव्हा दुपार कलली होती. तोवर आत काय राहिलं असेल?"

बाई चढाई मंडळाच्या तपासनीस होत्या. एके काळी स्वतः चढायच्या. एका गुडघ्याने दगा दिल्यावर त्या अपघातांची चौकशी करू लागल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे समोरचा माणूस आपण होऊन पुढे वाकून बोलायचा आणि नको तेवढं बोलून जायचा.

वनखात्याच्या साहेबांनी मात्र बाईंचं काम आधीच उरकून ठेवलं होतं. फोनवर ते म्हणाले, "अहो बाई, नाव सगळ्यांना माहीतच आहे. तुम्ही उद्यापर्यंत शिक्कामोर्तब करा म्हणजे झालं. चढणाऱ्यांनी बंदी मोडून अंडी मारली असतील, तर हा कडा कायमचा बंद. आणि त्या पोराला यापुढे कुठल्याही कड्याला हात लावता येणार नाही, ते मी बघतो."

ते पोर म्हणजे पाल. कड्याला पालीसारखा चिकटतो म्हणून सगळे त्याला तसंच म्हणायचे. चढण्याखेरीज त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही उरलंही नव्हतं.

हे त्याने केलेलं नाही, असं म्हणणारा माणूस पायथ्याच्या वस्तीत एकच होता. तोही पालच.

२

कड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चढणाऱ्यांसाठी एक मुक्कामाचं घर होतं. चार खोल्या, लोखंडी खाटा, भिंतीला ओळीने खुंट्या. बंदीच्या दिवसांत खुंट्या रिकाम्या असत. घर चालवणारी मावशी बाईंसमोर चहा ठेवता ठेवताच तापली.

"माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या! कडा बंद की माझं घर बंद, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अंडी गेली की कडा लवकर उघडणार, मग मीच गेले ना वर मारायला? अहो, माळ्यावरची गादी काढायची तर मला शेजारणीला हाक मारावी लागते!"

"तुमच्यावर नाही हो घेत संशय."

"का नाही? मी काय अगदीच टाकाऊ आहे?"

बाईंना हसू आलं. मावशीही हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला.

"पाल इथेच राहतो, कोपऱ्यातल्या खोलीत. ती गेल्यापासून परत घरी गेलाच नाही. जेवायला हाक मारली की येतो, खातो, ताट धुऊन ठेवतो. माणूस असल्याची तेवढीच खूण. त्याने असं केलं असेल तर…" ती थांबली. "नाही केलं असेल हो. पण मग कुणी केलं?"

"ती म्हणजे?"

"राखणदाराची मुलगी. बुटकी. सगळे लाडाने तेच म्हणायचे. माझ्या खांद्याला लागायची कशीबशी, पण कड्यावर खारीसारखी धावायची. कपारीशेजारून जाणारी ती अवघड वाट तिनेच शोधली. गेल्या साली, बंदी उठल्यावर, तिथूनच पडली. खालून दोर पालच्या हातात होता." मावशीने पदराने ओटा पुसला, तो आधीच कोरडा होता. "लग्न ठरलं होतं दोघांचं."

मास्तरांचं मत स्पष्ट होतं. बाई त्यांच्याकडे परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "पालच. दुसरं कोण? गेल्याच आठवड्यात फलकासमोर उभा राहून राखणदाराशी वाद घालत होता. म्हणे, बुटकीच्या वाटेवर एकदा तरी जायचंय, बंदी उठेपर्यंत दम धरवत नाही. राखणदार बिचारा एक शब्द बोलला नाही."

"तुम्हालाही कडा कायमचा बंद झालेला आवडेल, मास्तर."

"आवडेल! लपवतो कशाला? पण अंडी मारून?" त्यांनी कपारीकडे बोट केलं. "मी आणि राखणदार, आम्ही दोघं म्हातारे त्या पक्ष्यांवर जगतोय. त्या सकाळी मी हाका मारल्या तर राखणदार धावत आला, लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याचा हात धरला. ओला, बर्फासारखा गार. म्हटलं, अरे, याला आधी शेकोटीशी तरी नेऊन बसवा."

बाईंनी मान हलवली.

त्या निघाल्या तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "राखणदाराला फार छळू नका. त्याच्याकडे आता गमवायला काही राहिलेलं नाही."

३

राखणदाराची खोली कड्याच्या समोर होती. तिची एकमेव खिडकी कड्याकडेच उघडायची. खिडकीत जुनी दुर्बीण, दाराशी वेटोळं घालून टांगलेला दोर, शेजारी कडक केसांचे ब्रश. सगळं जागच्या जागी. फळीवर चढाईच्या बुटांचा एक जोड होता, लहान मुलाचा वाटावा एवढा.

राखणदाराने बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसला.

"तुम्ही त्या सकाळी कुठे होतात, काका?"

"इथेच. धुक्यात काही दिसत नव्हतं." तो खिडकीबाहेर पाहत होता. "मी सगळ्यांना सांगतो, बाई. आलेल्या प्रत्येकाला सांगतो. मादी उठली की अंडी गार पडतात. थंडीत तर बघायलाच नको. तुम्ही नुसतं जवळ गेलात तरी ती उठते. मारायला दगड लागत नाही. जवळ जाणं पुरतं."

"पालने हे केलं असं तुम्हाला वाटतं?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"नाकारलंही नाहीत."

राखणदाराने फळीवरच्या बुटांकडे पाहिलं. मग तो एवढंच म्हणाला, "दोर त्याच्या हातात होता."

"अंड्यांचं विचारतेय मी, काका."

"हो. हो, अंड्यांचं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी डोकावली. कॉलेजातली असावी. पाठीवर दोराची पिशवी होती.

"काका, झालं का काही? कधी उघडणार कडा? मी परीक्षा आटोपून परत आलेय!"

"नाही अजून," राखणदार म्हणाला.

"मला फक्त बुटकीची वाट करायचीय. सगळे म्हणतात ना, ती वाट उंच लोकांचं काम नाही! तिथली धरायची दगडाची पकड तुटली म्हणतात, पण मी काढेन काहीतरी मार्ग. बघाच तुम्ही." आणि आली तशी ती निघून गेली.

राखणदाराचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. ओठ मात्र हलत होते. बाईंना आधी वाटलं तो काही जप करतोय. मग त्यांना शब्द ऐकू आले.

"अजून एक," तो म्हणत होता. "अजून एक. अजून एक."

४

पाल उंच होता, पण लक्षात राहायचे ते त्याचे हात. इतके लांब, की उभा राहिला तर त्यांचं काय करायचं हे त्यालाच कळत नसे. पायथ्याच्या पायवाटेवर बंदी नव्हती, फक्त दगडाला हात लावायला होती. बाई त्याला तिथे घेऊन आल्या.

"तुम्हीही माझीच उलटतपासणी घेणार ना?" तो म्हणाला. "घ्या. माझं उत्तर सगळ्यांना पाठ झालंय. मी गेलो नाही. जावंसं वाटलं, पण गेलो नाही."

"का नाही गेलास?"

"ती असती तर मला कड्यावरून खाली ढकललं असतं. पक्षी बसलेले असताना ती इथे मोठ्याने शिंकायचीसुद्धा नाही." तो किंचित हसला. "बापाची लेक."

"हात वर कर."

"कशाला?"

"कर तर. दगडाला लावू नकोस. पहिल्या ठशासमोर डावा धर. आता दुसऱ्या ठशासमोर उजवा."

त्याने धरला. उजवा कोपर वाकलेलाच राहिला. तो तसाच तिसऱ्या ठशापर्यंत पोचला, आणि जमिनीवरून पाय न उचलता चौथ्यापर्यंतही.

"हे मधले ठसे कशासाठी आहेत?" बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत? मला त्यांची गरजच पडणार नाही. मी दोन झेपांत तिथे असेन. एवढ्या जवळ जवळ हात कोण टाकतं?" बोलता बोलता त्याची नजर वर सरकत गेली. एका ठशावरून दुसऱ्यावर. मग त्याचे ओठ नकळत मोजल्यासारखे हलू लागले. "डावा… उजवा… पुन्हा उजवाच, तिथे पाय बदलून. मग कोपऱ्यात डावा, उलटा… मग…"

तो एकदम मागे सरला.

"काय झालं?"

"कोपऱ्यात उलटा हात कुणी घालत नाही, बाई. तिची उंची पुरायची नाही म्हणून तीच तसा घालायची. मी महिनोन्महिने खाली उभा राहून दोर सोडत तेच बघितलंय. डोळे मिटले तरी दिसतं." तो कुजबुजला. "हे हात तिचे आहेत."

"कुणाचे?"

"बुटकीचे."

बुटकीला जाऊन वर्ष होत आलं होतं.

५

बाईंचा देवावर विश्वास होता, भुतांवर नव्हता. मेलेलं माणूस चॉक लावून चढत नाही. पण त्या माणसाचे हात कुणाच्या तरी डोळ्यांत राहू शकतात, आणि डोळ्यांतून पुन्हा दगडावर उतरू शकतात. प्रश्न एवढाच होता, की कुणाच्या?

त्या मास्तरांच्या दुर्बिणीशी बसल्या आणि पालला शेजारी बसवलं. मास्तर मागे उभे राहिले, पालकडे न पाहता.

"मला सांगा," बाई म्हणाल्या, "चढणारा दगडावर नुसते हात उमटवतो का?"

"नाही. बुटांचे तळवे काळ्या रबराचे असतात. पाय टेकला की काळा ओरखडा उठतोच," पाल म्हणाला.

"इथे पायथ्याशी एकही नाही. वरही एक दिसत नाही. म्हणजे या वाटेवर कुणी चढलंच नाही. कुणीतरी वरून दोराने उतरलं आणि उतरता उतरता हात उमटवत आलं."

"मला अडकवायला?" पालने विचारलं.

"तुला ओळखणाऱ्याने तुझे हात उमटवले असते, लांब लांब. हे दुसऱ्याच कुणाचे उमटवलेत. मावशीला तिचे हात आठवत असतील?"

"मावशीने कधी मान वर करून पाहिलं नाही. भीती वाटायची तिला."

"मास्तर, तुम्हाला?"

"मी पक्षी बघतो," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "माणसांकडे बघितलं नाही, ही चूकच झाली."

"मग ज्यांना तिचा एकेक हात तोंडपाठ आहे, अशी दोनच माणसं उरतात." बाईंनी पालकडे पाहिलं. "त्यातला एक तू."

पालने खाली पाहिलं. मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नजर वळवली, आणि ती नजर अजूनही मऊ नव्हती.

"आता कपारीच्या डाव्या अंगाला बघ," बाई म्हणाल्या आणि दुर्बीण त्याच्यापुढे सरकवली. "दगड तिथे फिकट आहे."

"पकड तुटली ती. तीच तिच्याबरोबर खाली आली." त्याचा आवाज कोरडा होता. "तिथे आता धरायला काही नाही. त्याच्या खालची पकड आणि वरची पकड यांत एवढं अंतर आहे, की माझाही हात पोचत नाही. ती वाट मेली, बाई. आम्हा चढणाऱ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. ती नवी पोरगी बोलते, पण एकदा खाली उभी राहिली की तिलाही कळेल."

"आणि ठसे?"

पालने बराच वेळ पाहिलं. "वरही आहेत," तो नवलाने म्हणाला. "तुटलेल्या जागेच्या वरही तसेच पुढे गेलेत. जणू पकड अजून तिथे आहे."

"तू खोटी वाट काढली असतीस तर अशी काढली असतीस?"

"कशी काढेन? ती चढता येतच नाही!"

"तेच. हे चढणाऱ्याचं काम नाही. ज्याने तिला फक्त खालून पाहिलं, रोज पाहिलं, त्याचं आहे. त्याला कोणता दगड धरवतो आणि कोणता नाही हे माहीत नाही, पण तिचा हात कुठे गेला होता ते माहीत आहे." बाई थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं. "अजून एक. त्या फिकट दगडावरच एक ठसा आहे. बाकीच्यांपेक्षा दाट, पुन्हा पुन्हा उमटवल्यासारखा. बोटं वळलेली नाहीत. पूर्ण तळवा. धरायला असा हात कुणी लावत नाही. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा ठेवलेला आहे."

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"त्याचा हात ओला होता," ते म्हणाले. "त्या सकाळी. एवढ्या थंडीत. मला वाटलं दव. नुकताच धुतला होता त्याने."

६

बाई राखणदाराच्या दारात उभ्या राहिल्या. पाल त्यांच्यामागे होता. आत यायचं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काका," बाई अगदी हळू म्हणाल्या, "वाट बरोबर काढलीत. एकही हात चुकला नाही."

"चुकेल कसा?" राखणदार म्हणून गेला.

मग त्याच्या लक्षात आलं. त्याने नाकारलं नाही. नुसते खांदे सैल सोडले, दिवसभर डोक्यावर ओझं वाहिलेला माणूस ते कुठे ठेवायचं ते दिसल्यावर सोडतो तसे.

"अंड्यांना काही करायचं नव्हतं, बाई. शपथेवर सांगतो. ती पोरगी महिन्यामागे पहिल्यांदा आली. तेवढीच उंची, तसंच हसणं. बुटकीची वाट करणार म्हणाली. यंदा ती, पुढच्या वर्षी आणखी कुणी. मी दरवर्षी घासून कडा स्वच्छ करायचा, आणि मग त्यांच्यासाठी उघडायचा? माझ्या हाताने?" तो हातांकडे पाहत होता. "वाटलं, बंदी मोडल्याचं दिसलं तर साहेब कडा कायमचा बंद करतील. नुसतं दिसलं पाहिजे. धुक्यात उतरायचं, ठसे उमटवायचे, आणि मादी उठली तरी अंडी गार व्हायच्या आत खाली पोचायचं. मला जमलं असतं. मी इतकी वर्षं हेच करत आलोय."

"मग?"

"धुक्यात समोरचा दगड तेवढा दिसत होता. एकेक हात आठवत उतरत होतो. आणि एकदम ती जागा समोर आली. तोंडासमोर. यंदा घासतानाही मी तिथे डोळे मिटून घेतले होते, ती कधी जवळून पाहिली नव्हती. दगड आतून इतका स्वच्छ असतो, मला माहीत नव्हतं. तिथून मला पुढे जाता येईना. वर पक्षी ओरडत होता, मला ऐकू येत होतं. मी जगाला शिकवतो, जवळ जाणं पुरतं. आणि मीच तिथे लटकून राहिलो. किती वेळ, ते मलाच ठाऊक नाही. धुकं पातळ व्हायला लागलं तेव्हा भानावर आलो, उरलेले हात भराभर उमटवत खाली उतरलो आणि दोर ओढून घेतला."

खिडकीतून कडा दिसत होता आणि कपारीतली ती राखाडी पाठ.

"आणि नाव माझं आलं," पाल दारातून म्हणाला.

"मी घेतलं नव्हतं. पण आलं तेव्हा गप्प बसलो." राखणदाराने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "दोर तुझ्या हातात होता रे."

"मी सोडला नव्हता, काका. शेवटपर्यंत सोडला नव्हता. दोर ताणलेला होता. दगड तिच्या डोक्यावर…"

"माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याचा काय उपयोग?"

पाल आत आला आणि जमिनीवर बसला, फळीवरच्या छोट्या बुटांखाली. मान वर करून त्याने त्या बुटांकडे पाहिलं. मग बाईंकडे वळला.

"माझंच नाव सांगा, बाई."

"काय?"

"सांगा साहेबांना, पालने केलं. ते तर तयारच आहेत. कडा कायमचा बंद होईल. ती पोरगी वर जाणार नाही. कुणीच जाणार नाही. काकांना हवं होतं ते होईल. मला तरी आता वर काय ठेवलंय?"

बाईंना त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं, आणि ते वाटणं त्यांना ओळखू आलं. खरं सांगितलं तर काय होईल हे त्यांना पाठ होतं. बंदी मोडणारा चढणारा नव्हता, म्हणून चढणाऱ्यांना शिक्षा नाही. घरट्यात जीव उरला नाही, म्हणून राखायला काही नाही. मादी उठली की कडा उघडा. इतर वर्षांपेक्षाही लवकर. एका माणसाने कडा बंद व्हावा म्हणून जे केलं, त्यानेच तो उघडणार होता.

त्या काही बोलायच्या आत राखणदार उठला. पालच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी त्याने तो पुढे केला, मग मध्येच मागे घेतला.

"अंड्यांतले दोन जीव मारले मी. तिसरा नको." त्याने टेबलावरचा फोन उचलला. "साहेबांचा नंबर सांगा, बाई. मी बोलतो."

७

साहेबांनी राखणदाराला कामावरून काढलं, पण दुसरा माणूस मिळेपर्यंत तूच थांब म्हणाले. दुसरा कुणी आला नाही. मास्तर त्याच्याशी बोलेनासे झाले. तरी रोज सकाळी येऊन शेजारच्या दगडावर बसत, आणि दोघं मुकाट्याने एकाच कपारीकडे पाहत.

मादी बसून होती. जोवर ती बसलेली होती तोवर फलक लागलेला होता. पाऊस आला, गारा आल्या, ती हलली नाही. राखणदार आतल्या आत तिला विनवत असायचा, की उठू नकोस. आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी यायची.

एका सकाळी ती उठली. कपारीच्या काठावर आली, मान तिरकी करून मागे एकदा पाहिलं आणि दरीत झेपावली. दुपारपर्यंत आली नाही. संध्याकाळीही आली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुर्बीण मिटून पिशवीत घातली.

बाई पुन्हा आल्या, कारण कडा उघडताना मंडळाचं कुणीतरी हजर असावं लागतं. राखणदाराने स्वतःच फलक उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पण ठसे अजून होते. त्या बाजूला वरचा दगड छपरासारखा पुढे आलेला आहे, पाऊस तिथवर पोचत नाही. ते घासल्याशिवाय कडा उघडायचा नाही, असाही नियमच होता.

पालने कमरेला पट्टा आवळला आणि ब्रश खोचला. दोर वरच्या कडीतून ओवून खाली आणलेला होता. त्याचं मोकळं टोक धरायला मावशीने मास्तरांना खुणावलं.

"मास्तर नको," पाल म्हणाला. त्याने टोक राखणदारापुढे धरलं. "तुम्ही धरा, काका."

राखणदाराचे हात पुढे होईनात. पालने दोर त्याच्या मुठीत दिला आणि मुठीवर आपली मूठ क्षणभर दाबली. मग तो दगडाकडे वळला.

तो हळू हळू वर जात राहिला. एकेक ठसा घासून काढत गेला. पांढरी धूळ खाली येत होती, बाईंच्या खांद्यावर, राखणदाराच्या केसांवर. कोपऱ्यातला उलटा हात गेला. खालचे सगळे हात गेले. फिकट दगडापाशी तो थांबला. किती वेळ थांबला ते कुणी विचारलं नाही. दोर राखणदाराच्या मुठीत ताठ होता. खालून फक्त ब्रशचा आवाज ऐकू आला, आधी जोरात, मग अगदी हळू, मग बंद.

मग दोरावरून स्वतःला वर ओढत त्याने वरचेही ठसे काढले आणि कपारीत डोकावून पाहिलं.

"आहेत अजून," त्याचा आवाज वरून आला. "दोन्ही."

"हात लावू नकोस!" राखणदार ओरडला. सवयीने.

नंतर त्याला उमगलं आपण काय बोललो. त्याने दोर सोडला नाही, पण डोकं दगडाला टेकवलं आणि तसाच उभा राहिला.

बाईंनी मागे वळून पाहिलं. फलक जिथे होता त्या मोकळ्या जागेपलीकडे ती ठेंगणी मुलगी उभी होती. मान मागे टाकून ती स्वच्छ झालेला कडा न्याहाळत होती, आणि तिने बूट चढवले होते.